एवढी दरी खोदली, मग गाळ गेला कुठे? : ग्रँड कॅन्यनची गोष्ट

आई-बाबा अमेरिकेत आले की ग्रँड कॅन्यन दाखवायचाच असतो, हा जवळपास नियमच आहे, तसं आम्हीही ऑगस्टमध्ये त्यांना घेऊन गेलो. कूलरमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सगळा सरंजाम. साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, मेदर पॉइंटला आल्यावर आई "अगंबाई" म्हणाली आणि पुढची दहा मिनिटं काहीच बोलली नाही. बाबा कठडा धरून खाली बघत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "हे सगळं नदीने खोदलं म्हणतेस ना, मग गाळ गेला कुठे?"

बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांना दरी दिसत नाही, गाळ दिसतो. थोड्या वेळाने लांब खाली नदीची बारीकशी रेघ दिसली तर म्हणतात, "आणि एवढं कापणाऱ्या नदीचं पाणी हिरवं कसं? ही गढूळ हवी."

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. मग आधी तिथल्या म्युझियममध्ये आणि नंतर घरी येऊन वाचत बसले, आणि लक्षात आलं की बाबांच्या या दोन प्रश्नांत अख्ख्या कॅन्यनचं भूगर्भशास्त्र आणि पर्यावरण, दोन्ही आलंय. तेच सोप्या भाषेत लिहायचा प्रयत्न करते.

आधी आकार डोक्यात बसवू. कोलोरॅडो नदीच्या वाटेने मोजली तर ही दरी 446 किलोमीटर लांब आहे, रुंदी काही ठिकाणी 29 किलोमीटरपर्यंत आणि खोली दीड किलोमीटरच्या वर. नॅशनल पार्कवाले जो आकडा देतात त्याप्रमाणे या खड्ड्याचं आकारमान 4.17 लाख कोटी घनमीटर आहे. हा आकडा वाचून काहीच समजत नाही म्हणून बाबांनी मोबाईलवर हिशोब केला, कोयना धरण 105 टीएमसीचं, म्हणजे जवळपास 3 घन किलोमीटर, म्हणजे हा खड्डा भरायला साधारण 1400 कोयना लागतील. एवढा दगड इथून उचलून कुठेतरी गेलाय.

आता सगळ्यांचा गोंधळ होतो तो मुद्दा. "ग्रँड कॅन्यन किती जुनी?" असं विचारलं की कोणी सांगतं 180 कोटी वर्षं, कोणी सांगतं 60 लाख वर्षं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात कारण ही दोन वेगळ्या गोष्टींची वयं आहेत. दगड जुने आहेत, दरी नवी आहे. समजा दीडशे वर्षांचा वाडा आहे आणि त्याच्या भिंतीत तुम्ही गेल्या उन्हाळ्यात एसीसाठी भोक पाडलं, तर भोकाचं वय काय सांगाल? एक वर्ष. पण त्या भोकात डोकं घालून बघितलं तर दीडशे वर्षांच्या विटा दिसणार. कॅन्यन म्हणजे ते भोक.

हे पायांना कळावं म्हणून साउथ रिमवर एक भारी रस्ता केलाय, ट्रेल ऑफ टाइम. त्यावर 1 मीटर म्हणजे 10 लाख वर्षं, जमिनीत पितळी खुणा ठोकल्यात, आणि कडेला त्या त्या काळातले खरे दगड खालून आणून मांडलेत, हात लावून बघता येतात. याव्हापाई म्युझियमपासून निघायचं आणि भूतकाळात चालत जायचं. नदीने दरी कापली तो सगळा काळ पाच-सहा पावलांत संपतो. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने बनला तो 66 मीटरवर, डायनोसॉर गेले तेही तिथेच. पण तुम्ही ज्या कड्यावर उभे आहात ना, कॅन्यनचा सगळ्यात वरचा, सगळ्यात "नवा" थर, तो यायला 270 मीटर चालावं लागतं! म्हणजे या भिंतीतला सगळ्यात तरुण थरसुद्धा डायनोसॉरच्या आधीचा, त्यामुळे माझ्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर कितीही हट्ट केला तरी या दरीच्या भिंतीत डायनोसॉरचं हाड मिळणार नाही. त्या काळातले थर इथेही वर होते, पण ते दरी व्हायच्या आधीच झिजून गेले.

तो वरचा थर म्हणजे कायबाब चुनखडक, साधारण 27 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शिंपले, स्पंज असे समुद्री जीव सापडतात, म्हणजे जिथे आज पार्किंग आहे तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या खाली थोडं उतरलं की कोकोनिनो वालुकाश्म, फिकट पिवळसर सरळसोट कडा, लांबूनही लगेच ओळखू येतो. ती चक्क वाळवंटातल्या टेकड्यांची गोठलेली वाळू आहे आणि तिच्यात प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. मग हर्मिट आणि सुपाई नावाचे लाल थर, नद्यांचा आणि किनाऱ्यांचा चिखल-वाळू. त्याखाली रेडवॉल, सुमारे दीडशे मीटरची उभी लाल भिंत, फोटोत सगळ्यात उठून दिसते ती. गंमत म्हणजे हा दगड लाल नाहीच. तो आतून करडा चुनखडक आहे, वरच्या सुपाई-हर्मिटमधला लोखंडाचा गंज पावसाबरोबर ओघळून ओघळून त्याला बाहेरून लाल करतो, गच्चीवरच्या गंजक्या टाकीखालच्या भिंतीसारखं. कुठे ताजी दरड पडली की आतला खरा रंग दिसतो.

असं समुद्र, वाळवंट, दलदल, परत समुद्र करत करत आपण 50-52 कोटी वर्षांपर्यंत येतो, टपीट्स नावाच्या तपकिरी वालुकाश्मापाशी. आणि इथे धक्का आहे. टपीट्सच्या खाली बऱ्याच ठिकाणी थेट काळपट, उभ्या चिरांचा, भट्टीतून काढल्यासारखा दगड लागतो, आणि तो सुमारे 170 कोटी वर्षांचा! मधली जवळजवळ 120 कोटी वर्षं गायब. दोन थर एकमेकांना चिकटलेले, हाताचा पंजा ठेवला तर अंगठा एका जगात आणि करंगळी दुसऱ्यात, आणि मधलं काहीच नाही. याला ग्रेट अनकन्फॉर्मिटी म्हणतात. बाबा म्हणाले, "एम.बी.ची पानं फाडलीत कोणीतरी." ज्यांच्या घरात सरकारी इंजिनिअर आहे त्यांना मोजमापाच्या वहीची पानं गायब होणं म्हणजे काय ते बरोबर कळेल. फरक एवढाच की इथे पानं कोणी लपवली नाहीत, ते डोंगर आणि थर तयार झाले आणि नंतर झिजून वाहून गेले. काही कोपऱ्यांत मधल्या काळाचे तिरके थर वाचलेत, लिपान पॉइंटवरून ते छान दिसतात.

त्या तळातल्या काळ्या दगडाचं नाव ऐकून आई पहिल्यांदा बोलली. विष्णू शिस्ट. खरंच! त्याच्या जोडीला ब्रह्मा शिस्ट आणि राम शिस्टही आहेत. झालं असं की 1880 च्या आसपास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने इथला सर्व्हे केला, त्याला दरीतून वर आलेले सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले म्हणून त्याने विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं ठेवली, पुढे नावांची ती पद्धतच पडली आणि ब्रह्मा, बुद्ध, मनू, कृष्ण, झरतुष्ट्र सगळे आले, विष्णू टेंपलवरून खालच्या दगडालाही नाव मिळालं. व्हॉट्सअॅपवर "अमेरिकेत सापडलं प्राचीन शिवमंदिर" असा फॉरवर्ड आला तर तो डटनचा उद्योग आहे हे लक्षात ठेवा. 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमची माणसं त्या शिव टेंपलवर चढली, एकटा पडलेला डोंगर म्हणजे वर वेगळेच प्राणी असतील अशी आशा होती, प्राणी निघाले नेहमीचेच आणि वर कोडॅकच्या फिल्मचं रिकामं खोकं सापडलं! गावातला फोटोग्राफर एमरी कोल्ब आधीच चढून आला होता.

तर दगड असे जमले. कापले कसे? पहिलं म्हणजे, सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीपासून हा सगळा प्रदेश, कोलोरॅडो पठार, वर उचलला जायला लागला. समुद्राचा तळ आज साउथ रिमवर 2,100 मीटरवर आहे, आणि तरी थर आडवेच राहिले, हिमालयासारख्या घड्या पडल्या नाहीत. ताट न कलंडता वर उचललं, असं. दुसरं म्हणजे 50-60 लाख वर्षांपूर्वी नदीला खाली जायला वाट मिळाली. कॅलिफोर्नियाचं आखात तेव्हा उघडत होतं, तिकडची जमीन खचली, आणि वरून येणाऱ्या पाण्याला एकदम मोठा उतार मिळाला. दरीचे काही तुकडे त्याच्याही कितीतरी आधीचे असावेत यावर शास्त्रज्ञांचं जोरदार भांडण चालू असतं, पण सलग नदी म्हणून आजच्या वाटेने वाहणं साधारण तेव्हापासूनचं.

आणि तिसरी गोष्ट, बाबांची आवडती. पाणी दगड कापत नाही. पाण्यातली वाळू आणि गोटे कापतात. नुसतं पाणी म्हणजे नुसता कागद, वाळू मिसळली की तो पॉलिश पेपर होतो. जुन्या कोलोरॅडोबद्दल तिकडे म्हणायचे की ही नदी प्यायला जाड आणि नांगरायला पातळ, इतकी ती गढूळ असायची. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबडी.

पण नदीने कापली ती खोली. रुंदी तिने नाही केली, नदी स्वतः सरासरी 90 मीटरच रुंद आहे, ती 29 किलोमीटर कशी खणेल. ते काम पावसाचं, हिवाळ्यात फटीत गोठून दगड फोडणाऱ्या बर्फाचं आणि बाजूच्या ओढ्यांचं. मऊ शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला दगड, आधी झिजतं, वरच्या कड्याचा पाया जातो, कडा कोसळतो. म्हणून कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, परत कडा, परत उतार अशा पायऱ्या. सह्याद्रीतही असंच दिसतं, कातळकडा आणि मधे गवताची पट्टी, पण आपल्याकडे ते लाव्हाचे थर आहेत आणि पाऊस एवढा की कडेकपारी हिरवीगार होते. इथे साउथ रिमवर वर्षाला जेमतेम 16 इंच पाऊस, तळाला त्याच्या निम्मा, त्यामुळे माती-झाडी दगड झाकत नाहीत. आणि आपला काळा कातळ, बेसाल्ट, तो इथेही आहे बरं का. दरीच्या पश्चिम भागात ज्वालामुखींचा लाव्हा कड्यावरून खाली ओतला गेला आणि गेल्या काही लाख वर्षांत त्याने नदी अनेकदा अडवली, नैसर्गिक धरणंच ती, आणि नदीने प्रत्येक वेळी ती फोडून काढली.

नॉर्थ रिम साउथपेक्षा 300 मीटर उंच आहे आणि सगळी जमीन दक्षिणेकडे उतरती. म्हणजे उत्तरेचं पाणी दरीत येतं, दक्षिणेचं पाणी दरीपासून लांब वाहून जातं. म्हणून उत्तरेची बाजू जास्त कोरली गेलीय आणि नदी साउथ रिमला जवळ आहे. याचा परिणाम थेट तुमच्या पाण्याच्या बाटलीत आहे, ते असं. उत्तरेचा बर्फ वितळून चुनखडकाच्या फटीतून, गुहांमधून खाली झिरपतो, शेलच्या थरापाशी अडतो आणि कड्यातून रोअरिंग स्प्रिंग्स म्हणून बाहेर फुटतो. ते पाणी 20 किलोमीटरच्या पाइपलाइनने, दरी ओलांडून, नदीवरच्या पुलावरून आणून मग पंपाने साउथ रिमवर चढवतात. लाइन 1970 च्या सुमारास पूर्ण झालेली, 2010 पासून 85 हून जास्त वेळा फुटलीय, 2024 च्या ऑगस्टअखेर तर इतकी वाईट फुटली की पार्कमधल्या हॉटेलांत मुक्काम बंद करावा लागला. नवीन लाइन टाकायचं काम चालू आहे.

आता गाळाचा हिशोब. 1400 कोयना भरेल एवढा दगड वाळू-चिखल होऊन खाली गेला आणि आखाताच्या तोंडाशी, आजच्या दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या सीमेवर, काही किलोमीटर जाडीने साचला. तिथली इम्पीरिअल व्हॅली म्हणजे हाच गाळ. हिवाळ्यात अमेरिकेत आपण जो लेट्यूस आणतो त्यातला बराचसा त्या भागातला, म्हणजे एका अर्थी ग्रँड कॅन्यनच्या मातीतला. "हं, मग बरोबर," बाबा म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं. नाही झालं. "ते जुनं झालं. आत्ताचा गाळ कुठे जातो?"

आत्ताचा जात नाही. दरीच्या थोडं वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, 216 मीटर उंच, 1963 मध्ये त्याने पाणी अडवायला सुरुवात केली आणि मागे लेक पॉवेल तयार झाला. पूर्वी दरीत येणारी नव्वद टक्क्यांहून जास्त वाळू आता तिथेच बसते. 1963 ते 2018 या काळात तलावाची साठवण जवळपास 7 टक्के घटली. (बाबा : "बरंच बरंय की. आमची काही तळी बघ.") खाली सोडतात ते तळ्याच्या खोल भागातलं, थंडगार, नितळ पाणी. म्हणून ते हिरवं. ट्रेल ऑफ टाइमच्या मापात धरणाचं सगळं वय 0.06 मिलिमीटर भरतं, केसाएवढं, आणि तेवढ्यात काय काय बदललंय बघा.

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून साधारण 85 हजार क्युसेकचा पूर यायचा, नदीकाठी वाळूचे पुळण टाकून जायचा. आता एरवी विसर्ग 25 हजारांच्या आत ठेवतात, तोही वीज किती हवी त्याप्रमाणे दिवसात कमीजास्त. वाळू येत नाही आणि आहे ती हळूहळू वाहून जाते, त्यामुळे पुळण आकसतात. त्यामागच्या शांत उबदार डबक्यांत माशांची पिल्लं वाढायची, तीही जागा गेली. पूर्वी उन्हाळ्यात नदी छान कोमट व्हायची, धरण झाल्यावर धरणाजवळचं पाणी वर्षभर फ्रिजमधल्यासारखं झालं. पाठीला कुबड असलेला हम्पबॅक चब हा इथला खास मासा त्यामुळे पार संकटात आला, लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या उबेला जाऊन टिकला, आणि 2021 मध्ये त्याला नामशेष होण्याच्या यादीतून एक पायरी वर आणलं. कोलोरॅडो पाइकमिनो हा मासा मात्र दरीतून गेलाच.

म्हणून 1996 पासून ते अधूनमधून कृत्रिम पूर आणतात. पारिया नावाची छोटी उपनदी धरणाच्या खाली मिळते, ती पावसाळ्यात थोडी वाळू आणते (हो, तिकडेही जुलै-सप्टेंबरच्या पावसाला मॉन्सूनच म्हणतात), ती पुरेशी साठली की धरणातून जोरात पाणी सोडून ती वाळू काठावर चढवायची. एप्रिल 2023 मध्ये असं 39,500 क्युसेक तीन दिवस सोडलं होतं. आपल्याकडे खडकवासल्यातून एवढं सोडलं तर भिडे पूल कधीच पाण्याखाली गेलेला असतो, आणि इथे लोक म्हणतात पूर लहान पडला! त्यात नवीन भानगड अशी की दुष्काळाने लेक पॉवेल इतका खाली गेला की वरचं कोमट पाणी धरणाच्या दारांपर्यंत पोचलं, आणि 2022 मध्ये धरणाखाली स्मॉलमाउथ बास हा बाहेरचा, पिल्लं खाणारा मासा वाढताना सापडला. म्हणजे पाणी थंड तरी चबला त्रास, कोमट झालं तरी त्रास. यावर सोपं उत्तर कोणाकडे आहे असं मला तरी वाचून वाटलं नाही.

पर्यावरणाचं बाकीचं भराभर सांगते. वरून खाली गेलं की तापमान 10-12 अंशांनी वाढतं, वर पाइनची थंड झाडी आणि खाली निवडुंग, उन्हाळ्यात तळाला 40 च्या वर. आपण गडावर चढताना दम लागला तर मागे फिरतो आणि उतरतो, इथे उलटं, आधी मजेत उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना रेस्क्यू करावं लागतं ते उगाच नाही. दरी एवढी मोठी की खारीसुद्धा वेगळ्या झाल्या, नॉर्थ रिमवर पांढऱ्या शेपटीची कायबाब खार, साउथला तिची चुलत बहीण अॅबर्ट. नॉर्थ रिमचं जुनं लॉज मात्र जुलै 2025 च्या वणव्यात जळून गेलं. आकाशात नंबरचा टॅग लावलेला अवाढव्य पक्षी दिसला तर तो कॅलिफोर्निया काँडोर, 1982 मध्ये जगात 22 उरले होते, 1996 पासून या भागात परत सोडले. आपली गिधाडं गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या औषधाने गेली, यांना शिकारीच्या गोळ्यांतलं शिसं मारतं.

आणि ही दरी रिकामी नव्हती. हावासुपाई लोक इथे शेकडो वर्षं राहतायत, पार्क 1919 मध्ये झाला आणि पुढे दरीतल्या त्यांच्या शेतांवरून त्यांना हुसकावलं. त्या जागेला 2022 मध्ये हावासुपाई गार्डन्स असं नाव दिलं, म्हणजे जमीन घेतल्यावर शंभर वर्षांनी पाटी. आता त्यांना भीती आहे ती युरेनियमच्या खाणीची. 2012 मध्ये या भागातल्या सुमारे 10 लाख एकरांवर नव्या खाणींना 20 वर्षं बंदी घातली आणि 2023 मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारकही, म्हणजे संरक्षित क्षेत्र, जाहीर झालं, पण जुने हक्क तसेच राहिले आणि पार्कच्या दक्षिणेला एक खाण चालू आहे. चुनखडकातून पाणी कसं फिरतं ते वर सांगितलंच, त्यांचे झरे त्याच पाण्यावर.

जाणार असाल तर एक सांगते, वेगासहून जी एक दिवसाची बस काचेच्या स्कायवॉकला नेते ती जागा नॅशनल पार्कमध्ये नाही, ती हुआलापाई लोकांची जमीन आहे, छान आहे पण हे सगळे थर आणि ट्रेल ऑफ टाइम बघायचा असेल तर साउथ रिमलाच या आणि एक रात्र तरी राहा.

आम्ही राहिलो. रात्री पूर्वेकडे लांब कुठेतरी विजा चमकत होत्या. सकाळी निघताना लिपान पॉइंटला थांबलो, मी गाडी लॉक करेपर्यंत बाबा कठड्यापाशी पोचलेसुद्धा. कालची हिरवी रेघ आज चहासारखी तांबडी होती, लिटल कोलोरॅडोला पूर आला असणार. बाबांनी मागे वळून आईला हाक मारली, "अगं ये लवकर, आला बघ गाळ!"